जुलाबात नुसतं पाणी का पुरत नाही? पेशीपटल ओलांडण्याच्या वाटा आणि जलसंजीवनीतली साखर

एक लिटर जलसंजीवनीत, म्हणजे ओआरएसमध्ये, १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्यातून मिळतात जेमतेम ५४ कॅलरी. जुलाबांनी गळून गेलेल्या माणसाला एवढ्याशा ऊर्जेनं तरतरी येत नाही. पण हेच ग्लुकोज काढून टाकलं आणि पाण्यात नुसतं मीठ ठेवलं, तर त्या पाण्याचा उपयोग जवळजवळ संपतो. ग्लुकोज तिथे आतड्याच्या पेशीचं एक विशिष्ट दार उघडण्यासाठी असतं. त्या दारातून सोडियम आत जातं आणि सोडियममागे पाणी जातं. हे नीट समजायचं तर पेशीभोवतीच्या पटलापासून सुरुवात करायला हवी.

तेलाचा थर

पेशीपटलाची जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर असते, माणसाच्या केसाच्या जाडीचा अंदाजे दहा हजारावा भाग. ते मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचं बनलेलं असतं. या रेणूच्या एका टोकाला पाण्याची ओढ असते, तर दोन शेपट्या तेलकट असतात आणि पाणी टाळतात. पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी, म्हणून हे रेणू दोन थरांत उभे राहतात: डोकी पाण्याकडे, शेपट्या मधोमध. पटल ओलांडायचं म्हणजे मधला हा तेलकट भाग ओलांडायचा.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तो सहज ओलांडतात. स्टेरॉइड संप्रेरकंही आरपार जातात, कारण ती तेलात विरघळतात. ग्लुकोजचा रेणू त्यामानाने मोठा असतो आणि पाण्याला धरून राहतो, म्हणून तो अडतो. सोडियमची गोष्ट मात्र अनेकांना चकवते. सोडियमचा आयन ग्लुकोजपेक्षा कितीतरी लहान, तरी पटलातून त्याला ग्लुकोजपेक्षाही जास्त अडथळा होतो. त्याच्यावर धन विद्युतप्रभार असतो आणि त्या प्रभारापोटी पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी बिलगलेले असतात. तेलात शिरायचं तर हे पाणी सोडावं लागतं, आणि ते सोडायला फार मोठी ऊर्जा लागते. म्हणजे लहान असणं पुरेसं नाही, प्रभार नसणं त्याहून महत्त्वाचं.

जे पदार्थ जाऊ शकतात ते जातात विसरणाने. रेणू सतत इकडेतिकडे धडकत असतात. जिथे ते दाट आहेत तिथून विरळ भागाकडे जाणाऱ्यांची संख्या आपोआप जास्त भरते, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना कुणी ढकलत नाही. विसरणाची एक मर्यादा लक्षात ठेवावी: लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. लहान रेणूला पेशीएवढं, म्हणजे १० मायक्रोमीटर अंतर कापायला सेकंदाचा छोटासा अंश लागतो, पण एक सेंटिमीटरला अर्ध्या दिवसाहून जास्त. आतड्याच्या आतल्या बाजूला लाखो उंचवटे असतात आणि त्या प्रत्येकात अगदी पटलालगत रक्तवाहिन्या पोहोचलेल्या असतात, त्याचं एक कारण हेच.

पाण्यासाठी पंप नाही

पाण्याच्या विसरणाला परासरण म्हणतात. पटलाच्या ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, त्या बाजूला पाणी जातं. इथे कणांची संख्या मोजायची, वजन नाही. म्हणून द्रावणाची परासारी तीव्रता मिलिऑस्मोलमध्ये सांगतात. रक्ताची ती साधारण २७५ ते २९५ असते. तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात टाकल्या तर पाणी आत घुसून त्या फुटतात. शिरेतून कधीही नुसतं शुद्ध पाणी देत नाहीत ते त्यामुळेच.

तेलकट थरातून पाणी थोडं थोडं झिरपतं. ज्या पेशींना जास्त वेग हवा असतो, त्यांच्या पटलात ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनाच्या नळ्या बसवलेल्या असतात. पीटर ॲग्रे यांना १९९२ च्या सुमारास त्यांचं काम उमगलं आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा एका नळीतून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जाऊ शकतात.

पण नळी म्हणजे पंप नव्हे. आपल्या शरीरात पाण्याला उचलून एका बाजूकडून दुसरीकडे टाकणारा पंप कुठेच सापडलेला नाही. मूत्रपिंड असो, लाळग्रंथी असो वा आतडं असो, सगळीकडे एकच रीत: क्षार हलवायचे, पाणी मागोमाग येतं. जुलाबाच्या उपचाराचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

नळी, वाहक, पंप

आयन आणि साखर यांच्यासाठी पटलात तीन प्रकारची प्रथिनं असतात. पहिला प्रकार नळ्यांचा. ती उघडली की विशिष्ट आयन उताराच्या दिशेने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे, धावतात, सेकंदाला लाखो-कोटींच्या संख्येने. दुसरा प्रकार वाहकांचा. वाहक पदार्थाला धरतो, स्वतःचा आकार बदलतो आणि पलीकडे सोडतो. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच उघड्या नसतात. प्रत्येक खेपेला आकार बदलायचा असल्याने त्याचा वेग नळीपेक्षा खूपच कमी असतो. शिवाय सगळे वाहक गुंतले की साखर कितीही वाढवली तरी वेग वाढत नाही. जास्त साखर म्हणजे जास्त फायदा, हा हिशेब इथे चुकतो.

तिसरा प्रकार पंपाचा. तो चढाच्या दिशेने वाहून नेतो आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च करतो. सोडियम-पोटॅशियम पंप हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये तो खेकड्याच्या चेतातंतूंवरच्या प्रयोगांतून दाखवून दिला. १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. एका एटीपीच्या मोबदल्यात तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीबाहेर सोडियम लिटरला १४० मिलिमोलच्या (मिलिमोल हे कणांची संख्या मोजण्याचं एकक) आसपास असताना पेशीत ते १० ते १५ एवढंच राहतं. पोटॅशियमचं नेमकं उलट: आत १४०, बाहेर ४. पेशीची आतली बाजू विद्युतदृष्ट्या ऋणही राहते. विश्रांतीत असताना शरीराच्या एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा एवढ्या एका पंपावर खर्च होतो.

हा खर्च कशाला? सोसायटीत वीज खर्चून पाणी एकदा गच्चीवरच्या टाकीत चढवलं की नंतर नळाला वेगळी वीज लागत नाही. सोडियमचं तसंच आहे. पंपाने त्याला बाहेर साठवलेलं असतं, त्यामुळे वाट मिळाली की ते आत येण्यासाठी धडपडतं. त्या येण्याच्या जोरावर दुसरं काहीतरी सोबत ओढून नेता येतं, अगदी ते चढाच्या दिशेला असलं तरी. याला सहवहन म्हणतात.

आतड्याच्या पेशीला दोन तोंडं असतात

लहान आतड्याच्या अस्तरातली प्रत्येक पेशी एका बाजूने अन्नाकडे आणि दुसऱ्या बाजूने रक्ताकडे पाहते. दोन्ही बाजूंच्या पटलांत वेगवेगळी प्रथिनं असतात, आणि शेजारच्या पेशी घट्ट जोडलेल्या असल्याने ती एकमेकांत मिसळत नाहीत. पंप फक्त रक्ताच्या बाजूला. अन्नाच्या बाजूला एसजीएलटी-१ नावाचा वाहक. हा वाहक दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे तिघे मिळून आत नेतो. सोडियमशिवाय ग्लुकोज हलत नाही, आणि ग्लुकोज नसेल तर सोडियमला या दाराने प्रवेश नाही. आत आलेलं सोडियम पंप रक्ताकडे टाकतो. ग्लुकोज ग्लूट-२ या दुसऱ्या वाहकातून, एटीपी न खर्चता, रक्ताकडे उतरतं. रक्ताच्या बाजूला कण वाढले, म्हणजे काही पाणी पेशींमधून आणि काही दोन पेशींच्या सांध्यांतून तिकडे निघालं.

हे काम किती मोठं आहे पाहा. मोठ्या माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातले सुमारे दोन लिटर आपण पितो-खातो, उरलेला लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. मलातून बाहेर जातं फक्त १०० ते २०० मिलिलिटर. या शोषणात थोडी जरी घट झाली तरी जुलाब होतात.

कॉलऱ्यात काय बिघडतं ते पटलाच्याच भाषेत सांगता येतं. कॉलऱ्याचे जंतू पेशीत शिरत नाहीत, आतडं फाडतही नाहीत. ते एक विष सोडतात. हे विष स्वतंत्र पदार्थ आहे असं शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवून दिलं. त्या कामाचं चीज त्यांच्या हयातीत फारसं झालं नाही, याचं वाईट वाटतं. विषाचा रेणू एवढा मोठा असतो की कोणत्याही नळीतून तो जाऊ शकत नाही. पेशीच पटलाचा एक भाग आत वळवून, पिशवी करून त्याला गिळते. आत गेल्यावर त्याचा एक तुकडा पेशीतलं एक बटण चालू स्थितीत अडकवून टाकतो. सायक्लिक एएमपी नावाचा संदेशवाहक बेसुमार वाढतो आणि अन्नाच्या बाजूच्या क्लोराइड नळ्या उघड्याच राहतात. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. त्याच वेळी मीठ शोषून घेण्याचा नेहमीचा दुसरा मार्गही बंद पडतो. तीव्र कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं.

पण एसजीएलटी-१ ला या विषाचा उपद्रव होत नाही. गळती चालू असतानाही हे दार शाबूत असतं. रॉबर्ट क्रेन यांनी सोडियम आणि ग्लुकोज एकत्र वाहिले जातात ही कल्पना १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली होती. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना ग्लुकोज-मीठाचं पाणी तोंडाने देऊन शिरेतल्या सलाइनची गरज किती कमी होते ते दाखवलं. खरी कसोटी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला लागली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला होता आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशी पाकिटं करून घेतली आणि ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

आजच्या पाकिटातले आकडे

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सूत्र बदललं. आता एक लिटरच्या पाकिटात मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम असतं. विरघळल्यावर सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल होतं. वाहकाला एका ग्लुकोजमागे दोन सोडियम लागतात, मग पाकिटात बरोबरी का? कारण उरलेलं सोडियम आतड्याच्या स्वतःच्या स्रावातून मिळतं. पोटॅशियम जुलाबात गेलेलं भरून काढण्यासाठी, आणि सायट्रेट रक्तात वाढलेली आम्लता उतरवण्यासाठी. खाण्याचा सोडाही तेच करतो, पण दमट हवेत सोड्याची पाकिटं टिकत नाहीत.

एकूण परासारी तीव्रता २४५, म्हणजे रक्तापेक्षा थोडी कमी. जुन्या सूत्रात ती ३११ होती. मीठ तेव्हाही शोषलं जायचं, पण रक्तापेक्षा दाट द्रावण आतड्यात पडल्याने पाण्याची ओढ थोडी उलट दिशेला व्हायची. नव्या सूत्राने जुलाब आणि उलट्या दोन्ही कमी होतात असं मुलांवरच्या चाचण्यांत दिसलं.

आता पाकीट चुकीच्या मापात मिसळलं तर काय होतं ते पाहू. एक लिटरचं पाकीट २०० मिलिलिटरच्या पेल्यात टाकलं, तर सोडियम ७५ ऐवजी ३७५ होतं आणि परासारी तीव्रता १२२५. असं पाणी आतड्यात गेलं की रक्तातलं पाणी आतड्याकडे खेचलं जातं, जुलाब वाढतात आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. उलट २०० मिलिलिटरचं छोटं पाकीट, जे साधारण ४ ग्रॅमचं असतं, लिटरभर पाण्यात टाकलं तर सोडियम १५ वर येतं आणि ते जवळजवळ साधं पाणी होतं. म्हणून पाकिटावरचं माप वाचायचं आणि पूर्ण पाकीट एकदमच मिसळायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं करू नये. पावडरमधले घटक दोन्ही अर्ध्यांत सारखे येतील याची खात्री नसते. पाणी आधी उकळून गार करावं. ओआरएस मिसळल्यावर उकळलं तर पाणी उडून ते दाट होतं. २४ तासांनी उरलेलं टाकून द्यावं, कारण साखरेच्या पाण्यात जंतू भराभर वाढतात.

शीतपेयं आणि डब्यातले फळांचे रस यांची तीव्रता बहुतेकदा रक्ताच्या दुप्पट किंवा जास्त असते आणि सोडियम नगण्य. वाहक कमी, साखर बेसुमार. न शोषलेली साखर पाण्याला आतड्यात धरून ठेवते. नाव ओआरएससारखं ठेवून विकली जाणारी गोड पेयंही बाजारात होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. पाकीट घेताना त्यावर सोडियम ७५ आणि एकूण २४५ हे आकडे आहेत का ते बघावं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम कमी. ते ओआरएससोबत चालेल, ओआरएसऐवजी नाही. नुसतं पाणी भरपूर पाजलं तर गेलेलं सोडियम भरून निघत नाही, आणि रक्तातलं सोडियम उतरून लहान मुलाला झटकेही येऊ शकतात.

पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा ५ मिलिलिटरचा, वरून बोटाने सपाट केलेला. सहा चमचे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर. आपल्या साखरेच्या एका रेणूतून आतड्याच्या पृष्ठभागावर एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज सुटतं. त्यामुळे ग्लुकोज मिळतं साधारण ७३ मिलिमोल, जवळपास पाकिटाएवढंच. सोडियम ५० च्या आसपास राहतं. पोटॅशियम आणि सायट्रेट मात्र त्यात नाही, म्हणून हा तात्पुरता उपाय.

कोकणात आणि गोव्यात आजाऱ्याला मीठ घातलेली पेज देतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे, आणि एका बाबतीत पेज पाकिटाच्याही पुढे आहे. भाताचा स्टार्च म्हणजे शेकडो-हजारो ग्लुकोज जोडून झालेला एक रेणू. परासरणात तो एकच कण मोजला जातो, त्यामुळे पेजेची तीव्रता कमी राहते. आतड्याच्या पृष्ठभागाशी ग्लुकोज जसजसं सुटतं तसतसं वाहक ते उचलतो. लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास मीठ मात्र हवं. अळणी पेजेत सोडियमच नसतं.

किती, कसं आणि कधी थांबू नये

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना हवं तितकं. बाळाला चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवावं. मुलांना १० ते १४ दिवस झिंकही देतात: सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०.

ओआरएस सुरू केलं की जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि इथेच अनेक घरांत ते बंद केलं जातं. क्लोराइडची गळती विषाचा प्रभाव संपेपर्यंत चालूच राहते. ओआरएस दुसऱ्या दाराने तेवढंच पाणी परत आत घेतं. उपयोग होतोय की नाही ते लघवीवरून आणि बाळाच्या तरतरीवरून ओळखायचं. बाळ सुस्त किंवा बेशुद्ध असेल, पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू परत जात असेल किंवा मलात रक्त असेल तर तडक दवाखाना गाठावा. तिथे शिरेतून रिंगर लॅक्टेट नावाचं क्षारांचं सलाइन द्यावं लागू शकतं.

मधुमेह असलेल्यांनीही जुलाबात ओआरएस घ्यावं. २०० मिलिलिटरच्या पेल्यात ग्लुकोज २.७ ग्रॅमच असतं. त्यांनी एक वेगळी काळजी घ्यायची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं मूत्रपिंडातला एसजीएलटी-२ हा याच घराण्यातला वाहक बंद करतात. गाळलेलं ग्लुकोज परत घेतलं जात नाही, ते लघवीतून जातं आणि सोबत पाणीही नेतं. जुलाब-उलट्या चालू असताना शरीर आणखी कोरडं पडू शकतं, म्हणून त्या दिवसांत ही गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना लगेच विचारावं.

एसजीएलटी-१ जन्मतःच निकामी असेल तर काय होतं, हेही माहीत आहे. हा आजार अतिशय दुर्मिळ आहे. अशा बाळाला पहिल्या दुधापासूनच पाण्यासारखे जुलाब लागतात, कारण दुधातल्या लॅक्टोजचे दोन्ही तुकडे, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, याच दाराने आत जायचे असतात. ओआरएस दिलं की त्याचे जुलाब वाढतात. ही दोन्ही साखर पूर्ण बंद करून फ्रुक्टोजचं खास दूध दिलं की ते थांबतात, कारण फ्रुक्टोज ग्लूट-५ या वेगळ्या वाहकातून जातं आणि त्याला सोडियमची सोबत लागत नाही.